हे कोणाला, कसं कळलं? १८९७ च्या प्लेगवरच्या एका प्रकल्पाची कुळकथा

बारावीच्या चौघांच्या गटाने इतिहासाच्या प्रकल्पासाठी विषय घेतला: ‘१८९७ ची प्लेगची साथ आणि रँडचा वध’. पुण्याच्या मुलांना हा विषय घरचाच. गणेशखिंड रस्त्यावरून रोजची ये-जा, चिंचवडचा चापेकर वाडा शाळेच्या सहलीत पाहिलेला. शिवाय मार्च २०२० मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७ चाच, हे त्यांनी घरात कोंडून असताना बातम्यांत ऐकलेलं. विषय चांगला होता, मुलं हुशार होती, आणि पहिला मसुदा वाचायलाही मजेदार होता. भाषा आवेशाची, चित्रं भरपूर, मुखपृष्ठावर पिस्तूल.

शेवटच्या पानावर ‘संदर्भसूची’ असं ठळक लिहून खाली पाच नोंदी होत्या: गूगल, विकिपीडिया, दहावीचं पुस्तक, एका गाजलेल्या मराठी चित्रपटाचं नाव आणि ‘आजी’. पाचांत मला ‘आजी’ सगळ्यात आवडली. निदान तिथे एका माणसाने दुसऱ्याला काही सांगितलं होतं. ‘गूगल’ ही नोंद म्हणजे ‘हे कोणत्या पुस्तकात वाचलंस?’ या प्रश्नाला ‘लायब्ररीत’ असं उत्तर देण्यासारखं झालं.

मसुदा मी लाल खुणा न करता परत दिला. एकच काम सांगितलं: प्रत्येक विधानासमोर समासात पेन्सिलीने लिहा, हे कोणाला कळलं आणि कसं कळलं.

“मॅडम, प्रत्येक विधानासमोर?”

“प्रत्येक.”

संदर्भ द्यायला शिकवताना आपण बहुधा शेपटाकडून सुरुवात करतो. स्वल्पविराम कुठे, वर्ष कंसात की शेवटी, ग्रंथाचं नाव अवतरणात की तिरक्या ठशात. त्याला नंतर भरपूर वेळ असतो. मुलाला आधी स्वतःच्याच वाक्याबद्दल शंका आली पाहिजे. ती आली नाही तर कितीही नीटनेटकी सूची म्हणजे निव्वळ सजावट. या गटाच्या मसुद्यातल्या काही वाक्यांचं पुढे काय झालं ते क्रमाने सांगते. सगळीच सांगण्याजोगी नाहीत.

सोपं वाटलेलं वाक्य

‘२२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड आणि त्याचा साथीदार आयर्स्ट यांना ठार केले.’ समासात लिहिलं होतं: ‘सगळीकडे आहे.’

सगळीकडे आहे हे खरंच. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये होता, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत. तिथून परतताना दामोदर चापेकरांनी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला. रँड मात्र ३ जुलैला इस्पितळात मेला. आणि ‘प्लेग कमिशनर’ ही लोकांच्या तोंडची ओळख. सरकारदरबारी तो पुण्याच्या विशेष प्लेग समितीचा अध्यक्ष होता.

“अकरा दिवसांनी काय फरक पडतो?” असं गटातल्या एकाने विचारलं. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर त्या वेळी दिलं नाही, कारण ते पुढच्या एका वाक्यात त्यांना आपोआप सापडणार होतं.

टिळकांची शिक्षा

‘“सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?” या जळजळीत अग्रलेखामुळे टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.’ महाराष्ट्रात शाळा शिकलेलं कोणीही हे वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणेल. ज्या मुलाने ते लिहिलं त्याने समासात अभिमानाने तीन संकेतस्थळांचे पत्ते दिले होते. तिन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवायला सांगितली. तीच वाक्यं, तोच क्रम, इतकंच काय एक शुद्धलेखनाची चूकही तिन्हीकडे तीच. एकाने लिहिलं आणि दोघांनी उचललं, किंवा तिघांनीही चौथ्याकडून उचललं. म्हणजे साक्षीदार एकच, आणि त्यालाही हे कुठून कळलं ते त्याने सांगितलेलं नाही.

मग तारखा मांडल्या. तो अग्रलेख जुलै १८९७ मधला, गोळीबारानंतर पुण्यावर जी दडपशाही सुरू झाली तिच्यावरचा. टिळकांना अटक झाली २७ जुलैला. इथपर्यंत वाक्य तगून होतं. पण खटल्याचा निकाल मुंबईच्या विधी-अहवालांच्या बाविसाव्या खंडात छापलेला आहे, आणि तो वाचला की कळतं की आरोप १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तल्या मजकुरावर होता: ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत, ज्यात अफझलखानाच्या वधाचं समर्थन होतं. म्हणजे ज्या मजकुरासाठी शिक्षा झाली तो गोळीबाराच्या एक आठवडा आधी छापून झाला होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची, नऊ जणांचं ज्युरीमंडळ, सहा विरुद्ध तीन असा कौल, १४ सप्टेंबर १८९७ ला अठरा महिन्यांची सक्तमजुरी.

जुलैच्या अग्रलेखाने सरकार चिडलं नसेल असं नाही. पण ‘या अग्रलेखामुळे शिक्षा झाली’ असं लिहायचं तर तो आरोपात दिसायला हवा. आणि इथे कारण बदललं की प्रकल्पाचा सांगावाच बदलतो. अग्रलेख धरला तर गोष्ट होते प्लेगच्या बंदोबस्तावर टीका केल्याची शिक्षा. १५ जूनचा अंक धरला तर गोष्ट होते शिवोत्सवाची, इतिहासातल्या वधाची वर्तमानात चर्चा करण्याची, आणि राजद्रोहाच्या कलम १२४-अ ची. स्ट्रॅचीने त्या कलमातल्या ‘अप्रीती’चा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ इतका ताणला की पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलमाची शब्दरचना सुधारावी लागली. मुलांच्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं, कारण त्यांनी उचललेल्या वाक्याने त्यांना त्या दारापर्यंत नेलंच नव्हतं.

आणखी एक भानगड निघाली. मुलाने त्या कवितेतल्या म्हणून चार ओळी अवतरणचिन्हांत दिल्या होत्या. त्या ओळींना ना लय होती ना यमक. शोध घेतल्यावर कळलं की न्यायालयासाठी झालेलं इंग्रजी भाषांतर कोणीतरी परत मराठीत आणलं होतं, आणि ते ‘केसरी’चे शब्द म्हणून फिरत होतं. त्यावर नियम ठरला: मूळ मराठी छापील ओळ डोळ्यांनी पाहिली असेल तरच अवतरणचिन्ह. नाहीतर आशय स्वतःच्या शब्दांत द्यायचा आणि तो कोणाच्या आधारे दिला तेही सांगायचं.

मूळ अंक पाहायला मुलं शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात गेली. बांधीव फाइल, पिवळ्या-तपकिरी कागदाचे कोपरे हात लावला की सुटणारे, त्यामुळे पान उलटायचं काम ग्रंथपालांचं आणि मुलांनी फक्त वाचायचं. फोटो काढायला मनाई, म्हणून वहीत उतरवून घेणं आलं. मला वाटतं ही मनाई त्यांच्या पथ्यावर पडली. मोबाइलने पान टिपलं की ते वाचायचं राहून जातं. हाताने उतरवताना शब्दन् शब्द नजरेखालून जातो.

तिथे गटातल्या एकीला एक युक्ती सापडली, ती इथे मुद्दाम नोंदवते. ‘केसरी’ तेव्हा साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघायचा. ४ जानेवारी १८८१ चा पहिला अंकही मंगळवारचाच. १५ जून १८९७ मंगळवार. २२ जूनही मंगळवार. त्यामुळे कोणी ‘केसरी, १८ जून १८९७’ असा संदर्भ दिला तर तो तपासायला ग्रंथालयात जायचीही गरज नाही. त्या दिवशी शुक्रवार होता. ही कळ सापडल्यावर त्यांनी स्वतःच्या मसुद्यातल्या तारखा तपासल्या आणि दोन बाद झाल्या. दोन्ही इंटरनेटवरच्या लेखांतून घेतलेल्या होत्या.

‘सर्वांना माहीत आहे’

प्रकल्पातलं सगळ्यात अवघड वाक्य हे होतं: ‘इंग्रज सैनिकांनी घराघरात घुसून स्त्रियांवर अत्याचार केले.’ ज्या मुलीने ते लिहिलं होतं तिने समासात लिहिलं, ‘सर्वांना माहीत आहे.’

तिला म्हटलं, हे वाक्य आपण मोडून पाहू. घराघरात घुसणं, सैनिक असणं, ते इंग्रज असणं आणि अत्याचार, या चार गोष्टी आहेत आणि चारींचा पुरावा वेगवेगळा असू शकतो.

पहिल्या दोन गोष्टींबद्दल वादच नाही. १३ मार्च १८९७ पासून १९ मेपर्यंत पुण्यात लष्कराच्या मदतीने घरझडती चालली. रोगी शोधून इस्पितळात न्यायचे, त्यांच्या सहवासातल्यांना विलगीकरणाच्या छावणीत, घर धुऊन काढायचं, संशयित चीजवस्तू जाळायची. हे समितीच्या स्वतःच्या वृत्तांतातच आहे आणि तिने ते लपवलेलं नाही, उलट काम कसं चोख केलं म्हणून सांगितलं आहे. तिसरी गोष्ट तिथेच किंचित सरकते: कामावर असलेल्या ८९३ अधिकारी-शिपायांत गोरे होते तसे देशीही होते. नेतृत्व डरहम लाइट इन्फंट्रीच्या मेजरकडे होतं.

राहिली चौथी. समितीचा वृत्तांत म्हणतो की स्त्रीच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावल्याची विश्वासार्ह तक्रार आमच्याकडे किंवा सैन्याच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही. मुलीने हे वाचलं आणि तडकली. “मॅडम, ते असं म्हणणारच ना! आरोप ज्यांच्यावर, तेच न्यायाधीश.” तिचं म्हणणं योग्य होतं आणि ते प्रकल्पात यायला हवं होतं. तिला एवढंच विचारलं की समिती विश्वासार्ह नाही हे दाखवलंस, पण त्याने तुझं वाक्य सिद्ध झालं का?

मग दुसरी बाजू शोधायला घेतली आणि दोन माणसं भेटली. पहिल्या पंडिता रमाबाई. मे १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांच्या वाट्याला काय येतं याबद्दल जाहीर तक्रार केली. नाव लावून. गव्हर्नर सँडहर्स्टने ती फेटाळली.

दुसरे गोपाळ कृष्ण गोखले, आणि त्यांचं प्रकरण म्हणजे संदर्भ का द्यायचा या प्रश्नावरचा जिवंत धडा. फर्ग्युसन महाविद्यालयातले प्राध्यापक गोखले, हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. तिथे त्यांना पुण्याहून ओळखीच्या माणसांची पत्रं येत होती. त्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितलं की सैनिकांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यातल्या एकीने नंतर आत्महत्या केली. ते छापून आलं २ जुलै १८९७ ला.

अकरा दिवसांचा प्रश्न विचारणारा मुलगा इथे ताठ बसला. दुसऱ्या दिवशी, ३ तारखेला, रँड मेला. म्हणजे ज्याच्या कारभारावर आरोप होता तो माणूस मृत्युशय्येवर असताना इंग्लंडमध्ये हा आरोप वाचला गेला, आणि लगेच पाठोपाठ त्याच्या मृत्यूची बातमी आली. त्या आरोपावर तिकडे एवढा गदारोळ का उठला हे ‘२२ जूनला ठार’ लिहिणाऱ्याला कधीच समजलं नसतं.

सरकारने नावं मागितली. ज्यांनी पत्रं लिहिली त्यांनी आपली नावं पुढे येऊ नयेत असं सांगितलेलं, आणि पीडित स्त्रियांची नावं उघड करायला कोण धजणार? गोखले परत आल्यावर त्यांनी चौकशी करून पाहिली. आरोप जगापुढे सिद्ध करता येईल असं काही हाती लागेना. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी गव्हर्नर, प्लेग समिती आणि सैनिक यांची जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. ज्यांनी पत्रं लिहिली त्यांतलं कोणी पुढे आलं नाही. गोखल्यांच्या सार्वजनिक आयुष्यातला तो सर्वांत अपमानाचा काळ होता.

मुलगी बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “म्हणजे काही झालंच नाही असं लिहू?”

हा प्रश्न यावा म्हणूनच सारा खटाटोप होता. गोखल्यांची माफी हा आरोप सिद्ध करता आला नाही याचा पुरावा आहे. आरोप खोटा होता याचा नाही. समितीकडे तक्रार आली नाही हा तक्रार न आल्याचा पुरावा. अत्याचार न झाल्याचा नाही. १८९७ साली पुण्याच्या पेठेतली बाई, बंदूकधारी शिपायांच्या अधिकाऱ्याकडे जाऊन, परक्या भाषेत, स्वतःच्या अब्रूची तक्रार नोंदवेल ही अपेक्षाच केवढी! त्यामुळे ही शांतता कोणत्याच बाजूने साक्ष देत नाही. इतिहासात अशा जागा पुष्कळ असतात, आणि बाईच्या बाबतीत तर जास्तच.

तिने वाक्य कितीदा तरी खोडून लिहिलं. अखेर प्रकल्पात गेलं ते असं: ‘घरझडतीच्या काळात स्त्रियांशी गैरवर्तन झाल्याचा आरोप समकालीनांनी जाहीरपणे केला. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये पत्र लिहून, आणि गोखल्यांनी जुलैमध्ये पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे. गोखल्यांना साक्षीदार पुढे आणता आले नाहीत व त्यांनी ऑगस्टमध्ये माफी मागितली. विश्वासार्ह तक्रार आली नाही असे प्लेग समितीने नोंदवले आहे. मात्र ही समिती स्वतः आरोपित पक्ष होती आणि तक्रार करण्याची वाट स्त्रियांसाठी खडतर होती.’ प्रत्येक वाक्याला तळटीप. रमाबाईंच्या पत्राच्या तळटिपेत तिने मूळ अंकाचं नाव देऊन पुढे ‘अमुक चरित्रात उद्धृत, पृष्ठ अमुक’ असं लिहिलं, कारण मूळ अंक तिने पाहिलेला नव्हता. ‘उद्धृत’ हे लिहायला पुष्कळ मोठी माणसंही लाजतात. दुसऱ्याच्या पुस्तकातली तळटीप उचलायची आणि आपणच दप्तरखान्यात धूळ खाल्ल्याचा आव आणायचा, ही खोड आमच्या क्षेत्रात काही कमी नाही.

एकच माणूस, दोन कागद

गटातल्या दुसऱ्या मुलाकडे चापेकरांचं प्रकरण होतं. त्याचा आधार चित्रपट. चित्रपट चांगला असू शकतो आणि त्यामागे अभ्यासही असू शकतो, पण संवाद कोणीतरी लिहिलेले असतात. तो संदर्भ कशासाठी चालेल? आपण आज चापेकरांना कसं आठवतो हे सांगायचं असेल तर उत्तम. त्या रात्री कोण काय बोललं यासाठी नाही.

त्याला दामोदर चापेकरांचे दोन कागद वाचायला सांगितले. एक म्हणजे ८ ऑक्टोबर १८९७ ला नोंदवलेला त्यांचा जबाब. दुसरा, तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त. त्याचं इंग्रजी रूप मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाच्या साधनांच्या दुसऱ्या खंडात १९५८ साली छापलं. जबाबात कारण सरळ आहे: घरझडतीत शिपायांनी देवळं बाटवली, मूर्ती फोडल्या, त्याचा सूड. आत्मवृत्त उघडलं की चित्र पसरतं. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकीकत तिथे आहे, सुधारकांवरचा राग आणि त्यांच्यावर केलेले हल्ले आहेत, आणि यातलं बरंच काही पुण्यात प्लेगची घरझडती सुरू होण्याच्या आधीचं आहे.

“पण मॅडम, दोन्ही त्यांनी स्वतःच सांगितलंय. मग खरं कुठलं धरायचं?”

दोन्ही खरी असू शकतात. जबाब पोलिसी कोठडीतला, एका गुन्ह्याबद्दल विचारल्यावर दिलेला. आत्मवृत्त फाशीच्या सावलीत, आपल्यामागे आपण कसे ओळखले जावे या विचाराने लिहिलेलं. १८ एप्रिल १८९८ ला त्यांना फाशी झाली. माणूस कोणासमोर बोलतोय त्यावर तो काय आधी सांगतो ते ठरतं. मुलाने मग दोन्हींतली कारणं दोन रकान्यांत मांडली आणि ‘रँडच्या जुलमाचा सूड’ या एकुलत्या कारणाच्या जागी दोन परिच्छेद लिहिले. त्यातला दुसरा लिहिताना तो अस्वस्थ होता. ज्यांना आपण हुतात्मा म्हणतो त्यांनी सुधारकांना मारहाण केल्याचं लिहिणं त्याला जड गेलं. मी आग्रह केला नाही, त्यानेच ठेवलं.

आजी

आता पाचवी नोंद. गटातल्या मुलीची आजी म्हणजे वडिलांची आई, ऐंशीच्या घरातली, स्मरणशक्ती खणखणीत. पणजोबांकडून, म्हणजे तिच्या सासऱ्यांकडून, ऐकलेलं तिने सांगितलं होतं: “रँडच्या वेळी गाव उठलं बघ. घरात उंदीर पडायला लागले की आमचे मामंजी म्हणायचे, लहानपणी आई आम्हाला घेऊन माळावर झोपडीत राहायला जायची. पोरं खूश, बायकांचे हाल.” मसुद्यात हे ‘प्रत्यक्षदर्शी पुरावा’ म्हणून होतं.

नातीला म्हटलं, पणजोबांचा जन्म केव्हाचा ते काढ. घरातल्या लोखंडी पेटीत त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. जन्मसाल १९०८. म्हणजे १८९७ मध्ये ते जन्मलेच नव्हते. मुलगी रडकुंडीला आली. “म्हणजे आजी खोटं सांगते?”

आजी खोटं सांगत नव्हत्या, त्यांचे सासरेही नव्हते. प्लेग १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ओळखला, पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला, पण तो एका वर्षात गेला नाही. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं तो फिरफिरून येत राहिला, आणि गाव सोडून माळावर राहायला जाणं ही लोकांनी स्वतःच पत्करलेली रीत झाली. पणजोबांनी पाहिला तो असा एखादा पुढचा प्लेग. रँडचं नाव त्याला नंतर चिकटलं, कारण प्लेग म्हटलं की महाराष्ट्रात रँडच आठवतो. आजींची हकीकत १८९७ ची साक्ष म्हणून बाद झाली, पण नंतरच्या प्लेगांची आणि लोकस्मृती कशी जमते त्याची साक्ष म्हणून ती प्रकल्पातली सगळ्यात ताजी गोष्ट ठरली, कारण बाकी सगळं कोणी ना कोणी आधी छापलेलं होतं. तिची तळटीप अशी: मुलाखत, विद्यार्थिनीची आजी, राहत्या घरी, तारीख, माहिती सासऱ्यांकडून ऐकीव, सासऱ्यांचा जन्म १९०८, आधार शाळा सोडल्याचा दाखला. आजींना विचारून त्यांचं नाव घातलं नाही. “माझं नाव कशाला गं पुस्तकात,” असं त्या म्हणाल्या, आणि तीही परवानगीबाबतची नोंदच म्हणायची.

स्वल्पविरामांकडे

यानंतर लिहिण्याची पद्धत शिकवायला फार वेळ लागला नाही. लेखकाचं नाव, ग्रंथाचं नाव, प्रकाशक, गाव, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ. आवृत्ती का, हे त्यांना न. चिं. केळकरांच्या टिळकचरित्राने शिकवलं. तीन खंडांचा ग्रंथ, आणि नुसतं ‘केळकर, पृ. अमुक’ लिहिलं तर कोणता खंड, कोणतं मुद्रण, काहीच कळत नाही. संकेतस्थळ असेल तर पान कोणी लिहिलं, ते आपण कोणत्या तारखेला पाहिलं. जुन्या मराठी पुस्तकांत नुसता शक असतो, तेव्हा ७८ मिळवायचे, पण पाडव्याच्या आधीचे जानेवारी ते मार्चचे दिवस असतील तर ७९. शके १८१९ मधलं माघातलं पत्र १८९८ चं निघतं, आणि एका वर्षाच्या चुकीने आख्खी घटनांची साखळी उलटी होते.

विकिपीडियाला मी बंदी घातली नाही. तिथल्या लेखाच्या तळाशी असलेल्या टिपा हीच त्याची खरी कमाई; त्यांच्या आधारे पुढे जायचं, आणि ज्या विधानाला टीप नाही ते तिथेच सोडायचं.

एका चॅटबॉटने मात्र गंमत केली. एकाने त्याला प्लेगवरचा मराठी ग्रंथ विचारला, तर लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठक्रमांक असा काटेकोर संदर्भ मिळाला. मुलं खूश. ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तक नाही, दुसऱ्याही सूचीत नाही. प्रकाशनसंस्था खरी होती, म्हणून फोन करून विचारलं. त्यांनी असं पुस्तक कधी काढलंच नव्हतं. स्वल्पविराम सगळे जागच्या जागी होते.

अंतिम प्रकल्प पहिल्या मसुद्यापेक्षा पातळ झाला. पिस्तूल गेलं, मुखपृष्ठावर नुसतं शीर्षक राहिलं, आणि ‘वध’ की ‘हत्या’ यावर गटात जे भांडण झालं ते मिटलं नाही, म्हणून शीर्षकात ‘रँडवरील गोळीबार’ असं आलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी टिळकांच्या शिक्षेचं वाक्य वाचून भुवई उंचावली. मुलाने विधी-अहवालातल्या उताऱ्याची प्रत पुढे केली. सरांनी ती वाचली, पान क्रमांक स्वतःच्या डायरीत टिपून घेतला आणि पुढचा प्रश्न प्लेगच्या पिसवांवर विचारला. त्याचं उत्तर गटाला आलं नाही, तिथे दोन गुण गेले.

रमाबाईंच्या पत्राचा मूळ अंक पाहायचा राहिला आहे. यंदाच्या गटातल्या एकीने तोच विषय मागितलाय. आमचं ठरलंय की ‘बॉम्बे गार्डियन’च्या १८९७ च्या फाइली कुठे आहेत आणि तिथे विद्यार्थ्यांना बसू देतात का, हे तिने आधी शोधायचं, विषय नोंदवायचं मग बघू.